उरलेल्या गोळ्या

माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या सरकारी रुग्णालयात शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याचा थोडा तोराच होता. बारा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढल्यावर मला संशोधनाचं काम मिळालं, तेही बहुधा या जिभेमुळेच. रुग्णांना धाकात ठेवणारी बाई संशोधकांना हवी होती.

काम असं होतं. देशभरातली सरकारी रुग्णालयं एका जाळ्यात जोडलेली आणि रक्तदाबाच्या एका नव्या गोळीची तपासणी सगळीकडे एकाच पद्धतीने चाललेली. तेच प्रश्न, तोच अर्ज, तीच गोळी. रुग्णाने दर महिन्याला ठरल्या तारखेला यायचं, रक्त द्यायचं आणि गोळ्यांची पाकिटं परत आणायची. उरलेल्या गोळ्या मी मोजायच्या आणि आकडा त्याच दिवशी संगणकावर चढवायचा. दर सोमवारी ऑनलाइन मीटिंग व्हायची. कुठल्या रुग्णालयातले रुग्ण नेमाने गोळ्या घेतात आणि कुठले नाही, ते सगळ्यांच्या देखत पडद्यावर दिसायचं. आमचं नाव कायम वर. दिल्लीच्या मुख्य केंद्रातल्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, हे तुम्ही जमवता कसं? मी म्हटलं, “रागावते.” सगळे हसले, मीही हसले.

माझ्या एकतीस रुग्णांत एक मामा होते. राजगुरुनगरजवळच्या गावचे, पन्नाशी उलटलेले, महाळुंग्याच्या एका कंपनीत कंत्राटी हेल्पर. पहिल्याच महिन्यात त्यांनी नऊ गोळ्या परत आणल्या. शिफ्ट बदलली की गोळी राहून जाते, म्हणाले. मी त्यांना चारचौघांत झापलं. “मामा, सगळ्या देशासमोर मला खाली मान घालायला लावणार का?” अर्धं चेष्टेत बोलले होते, पण मामांचा चेहरा पडला. पुढच्या महिन्यापासून त्यांच्याकडे एकही गोळी उरली नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सहाव्या महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी मुख्य केंद्राकडून तातडीचं पत्र आलं. काही रुग्णालयांत गोळी घेणाऱ्यांच्या रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं आढळलं होतं. इथे एक, तिथे दोन. एकट्या कुठल्या रुग्णालयाच्या ते लक्षातही आलं नसतं, सगळ्यांचे आकडे एकत्र आले म्हणून दिसलं. प्रत्येक रुग्णाला आजच्या आज कळवा, गोळी बंद, दोन दिवसांत रक्त तपासा. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके चुकतात, कधी हृदय बंदही पडतं. आमचे डॉक्टर पत्र वाचता वाचता खुर्चीतून उठून उभे राहिले.

मी फोन लावत सुटले. चार वाजेपर्यंत तीस जणांना निरोप गेला. मामांचा फोन नुसता वाजत होता. ते सेकंड शिफ्टला होते आणि त्यांच्या कंपनीत मोबाइल गेटवरच्या कपाटात ठेवावा लागतो. मग मी घरी फोन केला. मामींनी उचलला.

“ताई, उद्याची तारीख हाय, ठाऊक हाय आमाला,” त्या म्हणाल्या. “तुमी काळजी करू नका. आठ गोळ्या उरल्या व्हत्या, त्या आज डब्यासंगं नेल्यात. निम्म्या च्याच्या सुट्टीत, निम्म्या जेवताना. उद्या पाकिटं मोकळी घिऊन येत्याल.”

“आठही आजच?”

“दर म्हैन्याला असंच करत्यात. तुमी रागावता न्हवं का.”

मामांचा गेल्या महिन्याचा रक्ताचा अहवाल आठवला. पोटॅशियम अगदी वरच्या काठाला टेकलेलं, पण ठीक या सदरात बसणारं. मी आकडा चढवला होता आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली होती.

कंपनीच्या ऑफिसात फोन केला, तर साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणाले. डॉक्टरांनी मला अँब्युलन्स घेऊन पाठवलं. चहाची सुट्टी साडेपाचला, हे मामींकडून कळलं होतं. चिखली ओलांडेपर्यंत बरं चाललं होतं, तळवड्याच्या पुढे कंटेनरची रांग लागली. सायरन वाजत होता, पण गाड्या सरकणार कुठे? मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवत होते आणि दर मिनिटाला बघत होते. मला मामांच्या जिवाची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर, मामींना काय तोंड दाखवू याचीही.

गेटवर पोचले तेव्हा पावणेसहा झाले होते. वॉचमनने पास मागितला. एरवी मी त्याला तिथल्या तिथे सरळ केलं असतं. त्या दिवशी मी नुसते हात जोडले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आत फोन लावला.

मामा चालत आले, हात पुसत. मला पाहून त्यांचा चेहरा भीतीने उतरला. त्यांना वाटलं, मी रागवायला आले आहे.

“मॅडम, चार घेतल्यात की आत्ता,” घाईघाईने खिशातून पाकीट काढत ते म्हणाले. “ऱ्हायलेल्या जेवताना घेतो. उद्या एकबी दिसायची न्हाई, आईशप्पत.”

मी पाकीट त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि त्यांना अँब्युलन्समध्ये बसवलं. आमच्या रुग्णालयात लावलेल्या ईसीजीवर ठोके अडखळताना दिसत होते. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. मी कॉटशेजारी उभी राहून त्यांच्या छातीकडे बघत राहिले. श्वास घेताना ती वर आली की मला हायसं वाटायचं, खाली गेली की पुन्हा भीती वाटायची. मामी आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्या मला बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी मामांचं रक्त ठीक आलं. मी विचारलं, “मामा, राहिल्या होत्या तर राहिल्या म्हणायचं. असं का केलंत?”

“तुमी आमच्यासाठी एवढं करता,” ते म्हणाले. “तुमाला कुणी बोल लावू ने.”

त्या दुपारी मी रजिस्टर उघडून बसले. पहिला महिना सोडला, तर उरलेल्या गोळ्यांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. एकतीस माणसं, बदलत्या पाळ्या, लग्नकार्यं, ताप, प्रवास, आणि कोणाचीच एकही गोळी राहिली नव्हती. मी हे महिनोन्‌महिने बघत होते आणि मला एकदाही संशय आला नव्हता. आदल्या दिवशी पोटात गोळ्यांचा ढीग, दुसऱ्या दिवशी आम्ही रक्त काढणार. म्हणजे वाढलेलं पोटॅशियम गोळीचं, की आमच्या मोजणीच्या धाकाचं? आणि दुसऱ्या रुग्णालयांत माझ्यासारख्या किती जणी असतील? मी सगळं लिहून दिल्लीला कळवलं, स्वतःच्या रागावण्यासकट. तासाभरात उत्तर आलं, सगळ्या रुग्णालयांनी आपापल्या रुग्णांना हे विचारायचं.

मी यादीतला पहिला नंबर लावला. चिखलीच्या एक आजी. शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, “आजी, माझ्याकडे यायच्या आधी उरलेल्या गोळ्यांचं तुम्ही काय करत होता?”

“खरं सांगू का बाई?” आजी हळूच म्हणाल्या. “पन तू रागावनार न्हाईस ना?”