जवळचं बंदर सोडून जाणाऱ्या पेट्या

तर बाबूरावांनी भर काट्यावर ट्रक अडवला, इथपर्यंत काल आपण आलो होतो. वजन झालेलं, चिठ्ठी फाटलेली, मागे दोन गाड्या हॉर्न मारतायत, आणि हे गृहस्थ खाली उतरून ड्रायव्हरला विचारतात, "भिया, एक बात बताओ. नजदीक का बंदर छोड के इतना दूर काय कू जाते हो?"

"बाबूजी, जहाँ सेठ भेजे वहाँ जाते हैं. रस्ता छोडो!"

दुसरा कोणी असता तर बाजूला झाला असता. बाबूराव बाजूला झाले, पण प्रश्न काही झाला नाही.

बाबूराव इंगळे मूळचे इंदूरजवळच्या महूचे. आजोबा पलटणीत होते, वडील कारखान्यात, आणि हे बेटमा रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर, म्हणजे अख्खा ट्रक तोलायच्या काट्यावर, एकतीस वर्षं. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. विचारायची खोड मात्र जन्माची. एकदा रस्त्यावरून वरात चालली होती, तर यांनी नवरदेवासकट घोडी काट्यावर चढवली. तो काटा दहा-दहा किलोंच्या उड्या मारतच बोलतो, त्यामुळे नवरदेव नेमका किती भरला हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही. घोडी मात्र खूश होती म्हणतात.

असो. हा बंदराचा किडा त्यांच्या डोक्यात सोडला तो ऋजुतानं. ही मुलगी नाशिककडची, इंदूरच्या एका ऑफिसात सहा महिन्यांपूर्वी लागलेली, अजून पक्की व्हायची होती. किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदराला कंटेनरची मोठी गोदी बांधायची होती. त्या लोखंडी पेट्या जहाजात चढवायच्या-उतरवायच्या, त्यासाठी क्रेन, आवार, सगळं आलं. इंदूरकडून तेवढा माल येईल का, हे शोधायचं काम बंदरानं या ऑफिसला दिलं आणि ऑफिसनं ऋजुताला. तिनं काट्याच्या खांबावर कॅमेरा लावला, महिनाभर पेट्या मोजल्या. रोजच्या दोनशे. या पेट्या जातात त्या मोठ्या बंदरापेक्षा लहान बंदर दीडशे किलोमीटर जवळ, डिझेल वाचणार, म्हणजे दोनशेच्या दोनशे तिकडे वळणार. आकडा बंदराला कळवून झाला, ऐंशी पानांचा रिपोर्टही झाला. दोन आठवड्यांनी, गुरुवारी, बंदराचे साहेब इंदूरला यायचे होते आणि तिची नोकरी त्यांच्या मानेच्या हलण्यावर होती.

काट्यावर चहा घेता घेता तिनं हे कौतुकानं सांगितलं, तर बाबूराव म्हणाले, "मग आजच का नाही जात?"

"काका, आज तिथे छोटीच गोदी आहे ना."

"ती भरून वाहते?"

ऋजुतानं पान उलटलं. "नाही. अर्धी रिकामीच असते."

"जवळ आहे, स्वस्त आहे, जागा पण आहे, आणि कोणी जात नाही. कमाल आहे, बेटा!"

पुढचे आठ दिवस काट्यावर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरची उलटतपासणी. घरी बायको, कौसल्याबाई, म्हणाल्या, "अहो, तुम्ही काट्यावर नोकरी करता की जनगणना?"

शेवटी उत्तर दिलं ते मालोजींनी. हे सोयाबीनची पेंड परदेशी पाठवणाऱ्या एका सेठकडे मुनीम. ते हसायलाच लागले. "बाबूरावजी, पेटी काय आमच्या बापाची आहे? जहाजवाल्याची आहे ती. आम्हाला माल भरायला आधी खाली, म्हणजे रिकामी, पेटी हवी. खाली पेटी कुठे मिळणार? जिथे कोणी माल उतरवला असेल तिथे. मोठ्या बंदरावर अख्ख्या दुनियेचा माल उतरतो, खाली पेट्यांचे डोंगर पडलेत. तुमच्या त्या छोट्या बंदरावर कोण काय उतरवतो? काहीच नाही! मग खाली पेटी लांबून ओढत आणायची, तिचं भाडं वेगळं. नकाशात जवळ असेल हो, आमच्या खिशाला ते लांबच पडतं."

आता बाबूरावांना नवा प्रश्न. मग इंदूरला पेट्यांतून येतं तरी काय? तर बघा, काट्यावर आधी रिकामी गाडी तोलतात, मग भरलेली. रिकामी तोलताना ड्रायव्हर लोक पेटी झाडतात, तो कचरा काट्यावरच. त्यावरून बाबूराव वर्षानुवर्षं भांडत आलेले. या वेळी भांडले नाहीत. उकिडवे बसले, कचरा चिवडला आणि मूठभर दाणे रुमालात बांधून थेट ऋजुताचं ऑफिस गाठलं.

"ही तूर बघ. पांढुरकी, बारीक. आपल्याकडची नाही. समुद्रावरून आलेली. इंदुरात दाळमिला किती आहेत माहीत आहे? त्यातल्या एकाला तरी विचारलंस, तुमची तूर कुठल्या बंदरावर उतरते म्हणून?"

ऋजुतानं रिपोर्ट काढला. माल पाठवणाऱ्यांची नावं छत्तीस होती. मागवणाऱ्याचं एकही नव्हतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "हे लिहिलं तर दोनशेचा आकडा कोसळतो. गुरुवारी मला घरी पाठवतील."

"आणि नाही लिहिलं तर?"

"गोदी बांधतील."

"आणि पेट्या येणार नाहीत."

तिनं रिपोर्ट मिटला, लॅपटॉप बंद केला, गाडीची चावी उचलली आणि निघाली. दोन दिवसांत अकरा दाळमिला पालथ्या घातल्या. दर आठवड्याला ठरल्या दिवशी जहाज लागणार असेल तर आमची तूर छोट्या बंदरावर उतरवू, असं सात जण म्हणाले. चौघांनी चहा पाजून वाटेला लावलं. तूर उतरली की त्याच पेट्यांत पेंड भरून जाणार. सगळं धरून आकडा आला नव्वद. बुधवारी संध्याकाळी तिनं रिपोर्ट बदलला: गोदी आधी निम्मी बांधा, आणि तीही दाळमिलांशी लेखी करार झाल्यावरच.

गुरुवारी बाबूरावांना ती बरोबर घेऊन गेली. इस्त्रीचा शर्ट घालून ते मागच्या खुर्चीत बसले. बंदराच्या साहेबांनी शेवटचं पान आधी वाचलं आणि चष्मा काढला.

"मॅडम, महिन्यापूर्वी दोनशे कळवलेत, आज नव्वद? सहा महिन्यांत एवढंच शिकलात? अशा लोकांना पक्कं करायचं असतं का?"

ऋजुता उभी राहिली, तूर, पेंड, खाली पेट्या, सगळं सांगितलं, आणि हे कोडं कोणी घातलं तेही सांगितलं. साहेब मागे वळले. "अच्छा, तर हे तुमचे तज्ज्ञ. काय हो, समुद्र तरी पाहिलाय का कधी?"

बाबूराव उठले आणि म्हणाले, "नाही जी, समुद्र नाही पाहिला. पण खाली गाडी रोज पाहतो, ती पण डिझेल पितेच. दोनशेची गोदी बांधून नव्वद पेट्या आल्या असत्या, तर उरलेल्या जागेत काय पापड वाळवले असते? या पोरीनं तुमची गोदी लहान केली, बुडवली नाही. चूक झाली ती तिनंच तुमच्यासमोर ठेवली, असं माणूस पक्कं नाही करायचं तर कोणाला करायचं? त्या राहिलेल्या चार दाळमिलांकडे तिलाच पाठवा, मी पण जातो सोबत. आणि साहेब, आता आलोच आहे तर एक विचारू का? जहाज भरलेलं आहे की खाली, हे लांबून कसं ओळखतात?"