ताईच्या गाण्यातले एकेचाळीस श्वास

काचवाले स्टुडिओत शिरले ते काच बसवायला, आणि मग बाहेर पडायचंच विसरले. गाणारा एका खोलीत, यंत्रांपुढे बसणारा दुसऱ्या खोलीत, मध्ये भिंत आणि भिंतीत जाड दुहेरी काच, अशी तिथली मांडणी. चाळीस वर्षं दुकानांना, दवाखान्यांना, बँकांना काचा लावलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. पण शेवटची पट्टी ठोकून त्यांनी काच पुसली, तर पलीकडे एक जण तोंड भरून गात होता आणि अलीकडे चिटपाखराचाही आवाज नाही. मग स्टुडिओवाल्या बाईंनी एक कळ वर सरकवली आणि तो गाणारा थेट काचवाल्यांच्या कानात येऊन बसला. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते प्रेमात पडले, आणि तेही एका कळीच्या.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. काच नीट बसली आहे ना ते बघायला आलो, म्हणाले. तिसऱ्या दिवशीही काचच बघायला आले. स्टुडिओवाल्या बाई वयाने त्यांची लेक शोभतील एवढ्या, पण मुलखाच्या चौकस. चौथ्या दिवशी त्यांनी सरळ विचारलं, "काका, काच कुठे पळून जात नाही. तुम्हाला शिकायचंय का?" काचवाल्यांनी नव्या नवरीसारखी मान खाली घालून हो म्हटलं.

पहिले तीन आठवडे बाईंनी त्यांना फक्त वायरी गुंडाळायला लावल्या. कोपरावर नाही गुंडाळायच्या. एक वेटोळं सुलटं, एक उलटं, म्हणजे वायरीला पीळ पडत नाही. काचवाल्यांनी घरी येऊन कपडे वाळत घालायची दोरीही तशीच गुंडाळली, कपड्यांसकट. मग माईक तोंडापासून किती लांब ठेवायचा ते आलं. मग खोली कशी ऐकायची ते आलं. नव्या खोलीत गेलं की एक टाळी वाजवायची आणि ती भिंतीवरून कशी परत येते ते ऐकायचं. काचवाले दिसेल त्या खोलीत टाळी वाजवू लागले. दातांच्या दवाखान्यात त्यांनी वाजवली, तेव्हा बाहेर बसलेल्या चार पेशंटांनीही घाबरत घाबरत वाजवली.

दातांच्या दवाखान्यात ते गेले होते ताईबरोबर. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा दहा वर्षांच्या ताईनेच दोन वर्षांच्या भावाला सांभाळलं. त्याला झोपवायला तिने स्वतःच एक गाणं जुळवलं होतं, चार कडव्यांचं. काचवाल्यांनी लग्न केलं नाही. ते अजूनही ताई आणि दाजींच्या घरातच मागच्या खोलीत राहत, आणि ताई अजूनही भांडी घासताना तेच गाणं म्हणे. डॉक्टरांनी तिचे वरचे पुढचे सहा दात सोमवारी काढायचे ठरवले. ताईला दुखण्याची भीती नव्हती. तिचा जीव अडकला होता दुसरीकडेच.

"दात गेले की गाण्याचं बोळकं होईल," ती म्हणाली. "त्याआधी ते कुठेतरी धरून ठेव. एवढ्या वायरी गुंडाळतोस, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे."

तिला गाण्याची सीडी हवी होती, आणि सीडीच्या कव्हरवर स्वतःच्या अक्षरात 'गायन' असं लिहून पुढे स्वतःचं नाव. ऐकायला कोण येणार, याची फिकीर नव्हती. कव्हर मात्र पांढरंशुभ्र हवं होतं.

शनिवारी ताई माईकपुढे उभी राहिली. पर्स खाली ठेवायला ती तयार होईना, म्हणून पर्स पोटाशी धरूनच तिने चारही कडवी सलग म्हटली आणि पुन्हा म्हणणार नाही असं सांगून टाकलं. पुन्हा म्हणायची गरजही नव्हती. बाईंनी डोळे पुसले, आणि त्या तीन दिवसांसाठी परगावी निघाल्या. जाताना काचवाल्यांना बजावून गेल्या: चार ठिकाणी श्वास जरा मोठे आलेत, तेवढे हलके करा, बाकी कशाला हात लावू नका.

काचवाल्यांनी ते चार श्वास हलके केले. स्वतःच्या हातचं पहिलंच काम, झकास जमलं. पण पडद्यावर आवाजाच्या टेकड्या दिसत होत्या आणि दोन टेकड्यांमध्ये गवतासारखं काहीतरी बारीक उगवलेलं होतं. तेही श्वासच. आता चौघे हलके झाल्यावर पाचवा डोळ्यांत खुपायला लागला. काच दिसली म्हणजे कारागीर फसला, हा काचवाल्यांचा चाळीस वर्षांचा धर्म. बुडबुडा नको, ओरखडा नको, बोटाचा ठसा नको. रविवार संध्याकाळपर्यंत त्यांनी एकेचाळीस श्वास उपटून टाकले.

त्यांचा दुसरा धर्म असा, की काम झालं की तुकडे झाडून न्यायचे. बारीकसा कणही मागे राहून कुणाच्या पायात जाता कामा नये. त्यांनी जुनं, श्वासांचं रेकॉर्डिंग पुसलं. शेजारच्या यंत्रात बाईंनी त्याची आणखी एक प्रत ठेवलेली सापडली, तीही पुसली. पुसलेलं सगळं ज्या टोपलीत जाऊन पडतं ती टोपलीही रिकामी केली. मग दिवे मालवून ते समाधानाने घरी आले. बाई परतल्यावर त्यांना काही सांगितलंही नाही. आधी ताईला ऐकवू, मग त्यांना, म्हणाले.

दात गेले, कवळी बसली, आणि पुढच्या रविवारी ताईच्या बैठकीत गाणं लागलं. ऐकायला दाजी, खुर्चीच्या टोकावर ताई, आणि शेजारचे पोहायला शिकवणारे मास्तर. पहिली ओळ सुरेख झाली. दुसरी लगेच मागोमाग आली. तिसरीही आली. ताईच्या आवाजात कुठे फटच नव्हती. गाणारी श्वास घेईना, म्हणून ऐकणाऱ्यांनाही घ्यायचं सुचेना. पहिल्या कडव्याच्या शेवटी दाजी लाल झाले, दुसऱ्यात जांभळे. मास्तरांनी व्यवसायाच्या अब्रूखातर तिसऱ्या कडव्यापर्यंत तग धरला आणि मग ते खिडकी उघडायला धावले. काचवाल्यांनी धापा टाकतच यंत्र बंद केलं.

ताई म्हणाली, "छान आहे. पण ही बाई मेलेली आहे का रे?" काचवाल्यांना त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी बाईंनी ते ऐकलं, मध्येच हेडफोन काढून ढकलला, दोन मोठे श्वास घेतले आणि मूळ रेकॉर्डिंग मागितलं. झाडून टाकलं, काचवाले म्हणाले. बाई मटकन खुर्चीत बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेलं ते गेलं, आता निदान श्वास तरी परत घालू, असं बाईंनी ठरवलं. काचवाल्यांनी ताईला मटार सोलायला बसवलं आणि गुपचूप तिचे श्वास रेकॉर्ड केले. पण कवळीतून हवा शिट्टी मारत जाई, आणि गाण्यात घातल्यावर ओळीओळीला आगगाडी सुटे. मग दाजींचे घेतले. दाजींनी उदार मनाने आठ दिले, पण त्यांच्या श्वासांनी गाणं पेंगायला लागलं. मास्तरांचा श्वास एवढा भरगच्च, की आता ताई पाण्यात सूर मारणार असं वाटे. शेवटी बाईंनी स्वतःचे दिले. ते नेटके बसले, पण सहासष्ट वर्षांच्या गळ्यात तिशीची छाती. ऐकताना कुणीतरी फसवतंय असं वाटत राही.

"काका, तुम्हाला हे गाणं येतं?" बाईंनी विचारलं.

काचवाल्यांनी ते जन्मात कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. बाईंनी त्यांना काचेपलीकडे उभं केलं. त्यांनीच बसवलेली काच, पण त्या बाजूला ते पहिल्यांदाच उभे होते. कानात ताईचा आवाज सुरू झाला. गायचं नव्हतं, फक्त श्वास घ्यायचे होते, आणि ते कुठे घ्यायचे हे कुणी सांगायला लागलं नाही. लहानपणी ताईच्या पाठीला चिकटून झोपताना तिची पाठ जिथे फुगायची, तिथे त्यांचीही छाती भरायची. ताईच्या गाण्यात तिसऱ्या कडव्यात आई परत येते. त्याच्या आधी त्यांचा श्वास अडकला, दोन तुकड्यांत आला. बाईंनी थांबवलं नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच माणसं बसली. दाजींचा रंग शेवटपर्यंत शाबूत राहिला. ताई डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्या कडव्याआधी तिने डोळे उघडले, गाणं संपेपर्यंत मिटले नाहीत, आणि मग भावाकडे वळली.

"तिथे मी नाही रडले," ती म्हणाली. "तिथे तू रडायचास."

काचवाल्यांनी सगळं सांगून टाकलं. उपटलेले श्वास, पुसलेली प्रत, रिकामी केलेली टोपली, मटार, आगगाडी. वर बघायची त्यांची हिंमत होईना.

"सगळेच तुझे?"

"एकेचाळीसच्या एकेचाळीस."

ताईने जिभेने कवळी नीट बसवली आणि पांढरंशुभ्र कव्हर पुढे ओढलं. 'गायन' आणि तिचं नाव तिने कालच लिहून ठेवलं होतं. त्याच्या खाली तिने तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'श्वास : धाकटा भाऊ', आणि शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर घातली. शिट्टी वाजली.