दौलतीचा जबाब

कुंडलचा दौलती तमाशाचे सवाल-जबाब रचायचा आणि त्याच फडात मी तुणतुणं धरायचो. फडाचे मालक हंबीरराव. गायचेही तेच. एका कवनाला पाच रुपये ठरलेले, पण लढाईची महागाई आली तसं मालक दर वेळी एकच सांगायला लागले, "जत्रा झाल्यावर बघू रं." जत्रा व्हायची आणि बघायचं राहून जायचं. दौलतीची राहीबाई जोंधळ्यात कोंडा मिसळून भाकरी थापायची, मालकाच्या बोटात नवी अंगठी चमकायची. त्या माणसाबद्दल मला आजही चांगलं बोलवत नाही.

त्रेचाळीस साली औंधच्या जत्रेला दौलतीनं अवघड सवाल रचून दिला. जबाब मात्र दिला नाही. "मी हाय की तिथंच," एवढंच म्हणाला.

आमची रीत अशी, की समोरच्या फडाला जबाब आला नाही तर विचारणाऱ्यानं तो स्वतः गायचा. तोही अडला तर आपला डफ समोरच्याच्या पायाशी ठेवायचा.

त्या रात्री समोर असलेल्या फलटणच्या फडानं हात टेकले. लोक ओरडायला लागले, "आता तुमी सांगा."

मालक घाम पुसत गर्दीत उतरले आणि दौलतीपुढं वाकले. "जबाब सांग, गड्या. लोकं हसत्यात."

दौलती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. त्यानं एक दाणा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"जत्रा झाल्यावर बघू, मालक."

डफ उचलून फलटणकरांच्या पायाशी ठेवायला मालकांनी मला सांगायच्या आधीच मी उठलो होतो.