चमकीवाल्यांची दुसरी बाजू

भोंगेभाऊ जबलपूरच्या साऱ्या महाराजपुरात आवाजाचा माणूस म्हणून माहीत होते. लग्न असो, बारसं असो, झाडावर त्यांचा भोंगा चढला की पार अधारतालपर्यंत ऐकू जाये. आणि घरी हाच माणूस रेकॉर्ड इतकी बारीक लावे, की भिंतीला टेकून बसलं तरच कळे आतमधी काही वाजून राहिलं म्हणून. मला पहिल्यांदा त्याचंच नवल वाटलं. दिवसभर गावाचे कान फोडायचे अन् घरी येऊन असं चोरावाणी ऐकायचं, हे काहून?

मी त्यांच्या शेजारी राहायला आले ती हौसेनं नाही. आमचे सासरे भंडाऱ्याकडचे. प्रांत तुटले, नागपूर तिकडं महाराष्ट्रात गेलं, आम्ही जबलपुरात राहिलो ते राहिलोच. माझे मालक खमरियाच्या कारखान्यात होते. छातीच्या दुखण्यानं ते गेले, क्वार्टर सोडावं लागलं, अन् दोन लेकरं घेऊन मी महाराजपुरात एका खोलीत आले. रडायला वेळ नव्हता. शेजारच्या गयाबाईनं बिडी वळायला शिकवलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात तेंदूची पानं, कमरेला दोऱ्याचं रीळ. सकाळी बसलं की दिवस मावळेपर्यंत मान वर नाही.

भिंतीपलीकडं भोंगेभाऊ. एकटा जीव. मला वयनी म्हणत. त्यांचा डावा कान माझ्या येण्याआधीच गेला होता. कोणी बोललं की ते मान वळवून उजवा कान पुढं करत, त्यामुळं नवीन माणसाला वाटे, हा रुसला की काय. डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, भोंग्याजवळ उभं राहणं सोडा, नाही तं उजवाही जाईल. भाऊ त्याला म्हणाले होते, "छोड़ देता हूँ डाक्टरसाब, कल से रोटी आप भिजवा देना।" हे सांगताना ते हसत. पण उजव्या कानात कापसाचा बोळा घातल्याशिवाय कधी लग्नाला गेले नाहीत. तो एक कान ते असा जपत, जसं कोणी काडेपेटीतली शेवटची काडी जपते.

त्या वर्षांत लग्नात एकच मागणी. परदेशातली पाच जणांची एक टोळी होती. तिचं नाव मला कधी नीट घेता आलं नाही. रेकॉर्डच्या पुठ्ठ्यावर त्यांच्या अंगात चमकीचे कपडे, म्हणून साऱ्या मोहल्ल्यात त्यांना चमकीवालेच म्हणत. वरातीतली पोरं भाऊंच्या मागं लागत, "भैया, चमकीवाला लगाओ! अरे और ज़ोर से!" मग तो डिस्को सुरू होये. एक जण पोरीवाणी पातळ आवाजात किंचाळे अन् नवरदेवाचा घोडा बिचके. भाऊंनी त्या डिस्कोला कधी शिवी दिली नाही. म्हणत, "वयनी, तो माझी भाकर आहे. पण माणूस नुसता भाकरीसाठी जगते का?"

एक दिवस मी विचारलंच. "भाऊ, घरी असं काय लपून ऐकता?" ते आत गेले अन् एक जुना पुठ्ठा घेऊन आले. बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात फुटपाथवर एक जण जुनं सामान विकत बसे, त्याच्याजवळून आणलेला. त्यावर पाच जण साध्या कोटात एका शेतात उभे. चेहरे असे, जसे आताच कोणाला माती देऊन आले.

"हे कोण?"

"चमकीवाले."

"हे? चमकी कुठं गेली यांची?"

"अजून लागली नाही. हे आधीचं. आणि चमकी लागल्यावरही हे असं गातात, वयनी. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला. पण ती उलटून कोण पाहते?"

मला काय समजलं ते मलाच माहीत. पण डोक्यात किडा राहिला. तीच माणसं, तोच गळा, मग एवढं वेगळं काय गात असतील?

ते कळलं ते आमच्याच मूर्खपणानं. आम्ही बायका आंगणात बिडी वळत बसू. मी, गयाबाई अन् समोरची शांताबाई. गयाबाईला हौस भारी. ती भाऊंना म्हणाली, "साऱ्या दुनियेला नाचवता, आम्हाला नाही ऐकवत तुमचा डिस्को?" भाऊंनी रेकॉर्डची मशीन आंगणात आणली, पाटावर ठेवली, तार खिडकीतून ओढली. काय हात चालले आमचे त्या दिवशी! मान डोले, पान फिरे, दोरा गुंडाळे. दुपारपर्यंत सुपं भरली. शांताबाई म्हणे, "असंच चाललं तं मी पोरीचं लग्न याच उन्हाळ्यात करते." सारा आठवडा आम्ही डिस्कोवर बिडी वळली.

पान-तंबाखू देऊन बिडी नेणारा सट्टेदार माल घ्यायला आला. त्यानं एक बिडी बोटात दाबली, दुसरी दाबली, अन् कट्टाच्या कट्टा छाटीत, नापास मालात, फेकला. "ये क्या बनाया है बाई? सुलगाओ तो तंबाकू मुँह में आता है।" बिडी सैल, तोंड वाकडं, दोरा सुटलेला. जाताना माझ्याकडं पाहून म्हणाला, पुढच्या वेळी असं निघालं तर पान मिळणार नाही. पान नाही म्हणजे चूल नाही. बोलून काय होते?

गयाबाई मात्र भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशी बोलली, "खाल्लं आपल्याला त्या चमकीवाल्यानं."

भाऊंचा उजवा कान चांगला होता तेव्हा. दुसऱ्या दिवशी सकाळीच मशीन घेऊन आले. चेहरा पडलेला. म्हणाले, "आज उलटी बाजू लावतो. एकदा पाहा. नाही जमलं तं पुन्हा मशीन आंगणात आणणार नाही."

लावली. पहिलं गाणं सुरू झालं अन् शांताबाईनं कपाळाला हात लावला. "हे काय मर्तिकाचं लावलं बाप्पा सकाळी सकाळी?" पण थोड्या वेळानं ती गप झाली. गाणं घाई करत नव्हतं. आमचेही हात मग घाई करेनात. पान फिरलं की पूर्ण फिरे, बोटाला जागा कळे. एका गाण्यात मधीच सारे वाजवणारे थांबत, नुसता श्वास घेतल्यावाणी. तिथं आम्ही तिघींनी एकदमच दोरा बांधला. कोणी ठरवलं नव्हतं. एकमेकींकडं पाहून हसलो.

त्या आठवड्याचा माल सट्टेदारानं दाबून दाबून पाहिला. छाटीत काहीच गेलं नाही. "क्या बात है, हाथ बदल लिए क्या?" गयाबाई म्हणाली, "हाथ वही है भैया, बाजू बदली।" तो काही समजला नाही.

तेव्हापासून आंगणात दुसरीच बाजू, नाही तं ती शेतातल्या पुठ्ठ्याची रेकॉर्ड. आधी पोटासाठी, पण मग पोटाचं कारण कधी मागं पडलं ते आठवत नाही. भाऊ मधी खाटेवर बसत, उजवा कान मशीनकडं. गाणं चालू असताना बोललेलं त्यांना खपत नसे. दोन गाण्यांच्या मधात सांगत, "त्या पातळ आवाजाच्या मागं नका जाऊ. त्याच्या खाली एक जाड आवाज आहे, तो ऐका. त्याचं नाव कोणी घेत नाही, पण सारं घर त्याच्यावर उभं आहे." मी खाली ऐकायला लागले. खरंच होता तो. एकदा सापडला की मग सुटे नाही.

शब्द तं कोणालाच कळत नव्हते. भाऊंनाही नाही, ते तिसरीतून पळालेले. म्हणून आम्ही आपले अर्थ लावू. गयाबाईचं म्हणणं, त्याची बायको माहेरून येत नाही. शांताबाई म्हणे, "बायकोसाठी कोणी माणूस एवढं रडत नाही. आईला बोलावून राहिला तो." भाऊ दोघींनाही म्हणत, "असंल." मला विचारलं तं मी सांगितलं, मला वाटते तो घरी आला आहे, पण उशीर झाला आहे. भाऊ खाटेवरून माझ्याकडं वळले. "हेही असंल," म्हणाले.

एकदा त्यांनी हिंमत करून लग्नात ती बाजू लावली, पोरीच्या बिदाईला. मला वाटते बायका रडल्याही. पण वराकडचा एक जण खेकसला, "डिस्को का पैसा लिया है, ये मातम काहे लगाया?" अन् त्या घराण्यातली पुढची लग्नं गेली. भाऊ घरी येऊन म्हणाले, "चलो, एवढं तं ऐकलं त्यांनी." पुढं मग पेटीएवढे स्पीकर घेऊन कॅसेटवाले आले. त्यांच्या पुढं टिकायचं तं भोंगा आणखी वाढवावा लागे. मी म्हटलं, "भाऊ, कान." ते म्हणाले, "कापूस आहे ना."

त्या थंडीत लग्नं लई झाली. लग्नसराई सरली अन् एक दिवस दुपारी आंगणात बाजू संपली. सुई शेवटाला जाऊन खरखर करून राहिली होती. रोज भाऊ लगेच उठून ती उचलत. त्या दिवशी ते डोळे मिटून बसले होते, अन् मान हळूहळू डोलत होती. खरखर चालू, मान चालू. गयाबाईला हसू आलं, तसं मी तिचं मनगट धरलं. तेवढ्यात भाऊंनी डोळे उघडले. आमची तोंडं पाहिली. मग सुईकडं पाहिलं. उठले, ती उचलली, अन् मशीनवर फडकं टाकलं.

मी हातानंच विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, "थोडं थोडं जात होतं. तो जाड आवाज शेवटपर्यंत राहिला होता. आता तोही नाही." आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू येत नव्हता, म्हणून मोठ्यानं बोलले. साऱ्या गल्लीनं ऐकलं.

भोंगा त्यांनी विकून टाकला. मशीन फडक्याखाली तशीच. आम्ही काही दिवस मुकाट्यानं बिडी वळली. मग मी एकदा त्यांच्या दारात गेले, हातातली बिडी दाबून दाखवली, अन् फेकून दिल्यावाणी केलं. म्हणजे, छाट निघून राहिली, भाऊ. ते म्हणाले, "माझ्यासाठी लावायला सांगून राहिल्या का वयनी? मला दया नको." मी नाही म्हणून डोकं हलवलं. पुन्हा बिडी दाखवली. माझी लेकरं आहेत, असं हातानं दाखवलं. मग ते उठले.

आता ते खाट फिरवून बसत. पाठ मशीनकडं, तोंड आमच्याकडं. सुई ठेवत अन् आमचे हात पाहत. थोड्या दिवसांनी म्हणाले, "मला कळते कोणतं चालू आहे. दोरा बांधला की समजते, ते थांबले." आम्ही मान हलवू. मग ते गप पाहत राहत, गाणं चालू असताना बोलायचं नाही म्हणून.

त्यांचा पुतण्या बालाघाटला असे. एकट्यानं असं किती दिवस राहाल म्हणून तो त्यांना घेऊन जाणार होता. ट्रंक बांधून झाली. आदल्या दुपारी भाऊंनी ती शेतातल्या पुठ्ठ्याची रेकॉर्ड लावली, अन् आमच्या समोर येऊन बसले.

पहिलं गाणं झालं, दुसरं अर्धं झालं, अन् लाइट गेली. आवाज जाड होत होत बसला. भाऊंची पाठ तिकडं. आंगणात ऊन, दिवा नाही, पंखा नाही, त्यांना कशावरून कळणार? मी गयाबाईकडं पाहिलं. तिचे हात थांबले नव्हते. शांताबाईचेही नाही. माझेही नाही. गाणं जिथं होतं तिथून पुढं आमच्या डोक्यात चालूच होतं. पान फिरलं, तंबाखू भरली, तोंड मुडपलं. मधी याही गाण्यातली थांबायची जागा आली, तिघींनी दोरा बांधला. भाऊंनी डोळे मिटले अन् उघडले. तिसरं गाणं आम्ही नेलं, चौथं नेलं. शेवटचं संपलं तिथं माझे हात आपोआप सुपात टेकले.

भाऊ उठले, सुई उचलायला वळले. रेकॉर्ड जागेवर थांबली होती अन् सुई तिच्या मधातच. ते वाकून तिच्याकडं पाहत राहिले. मग आमच्याकडं न पाहताच विचारलं, "लाइट कधी गेली?"

गयाबाईनं बोटानं दाखवलं, मघाशीच. पण ते पाहत नव्हते. त्यांनी सुई उचलली, रेकॉर्ड पदरात घ्यावी तशी दोन्ही हातांवर घेतली.

"मला तं पूर्ण ऐकू आलं," म्हणाले.