चिठ्ठीखालचं कलम
परवा पुस्तकबांधणीच्या दुकानात मैद्याच्या खळीचा वास आला आणि मी धंतोलीतल्या आमच्या लहानपणच्या ओसरीत जाऊन बसले. वडील वकील होते. सावकारीचा कायदा बदलला की ते गॅझेटातलं नवं कलम कापून पुस्तकातल्या जुन्यावर लावत. पण फक्त एका कडेने, पापणीसारखं उचलता यावं म्हणून, कारण जुने व्यवहार जुन्याच कलमाने चालत. एका उन्हाळ्यात हे काम आईने केलं आणि चिठ्ठ्या सुटू नयेत म्हणून पाठभर खळ फासली. एका दुपारी, दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांतून ओला, हिरवट उजेड झिरपत असताना, गांधीबाग मोहल्ल्यातली एक म्हातारी आली. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना व्याजाने पैसे देई. "आता परवाना लागते म्हणतेत, साहेब. म्या त पैसे आधीच देल्ले होते. बुडाले का माहे?" वडिलांनी पान उघडलं. चिठ्ठी हलेना. "पूर्ण काहून चिकटवली वं?" त्यांनी आईला हळूच विचारलं. चुलीवर चहाचं आधण होतं. आईने पुस्तक त्या वाफेवर धरलं. कागद फुगला, कडेपासून अलगद सुटला आणि खालची अक्षरं पाण्यातून यावीत तशी वर आली. "तुमच्या वेळचा कायदा हा," वडील म्हणाले, "तुम्हाले हाच लागू." म्हातारीने त्या ओल्या पानावर हात ठेवून डोळे मिटले. आईवडील जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. चहाचं आधण उकळलं तरी मी गॅस लगेच बंद करत नाही; वाफ वर येऊ देते.