जनान्याचा पडदा आणि पिशाच्चाचं मरण

चंद्रविलास टॉकीजला दोन दरवाजे होते. शहागंजाच्या रस्त्यावरचा मोठा दरवाजा बाप्यांचा आणि मागच्या बोळातला, लाकडी जिन्याचा, बायकांचा. त्या जिन्याच्या तोंडाशी एका तिवईवर भागूबाई बसायची.

टॉकीज निजामाच्या अमलात बांधलेलं. तेव्हा बायकांसाठी फळ्यांची भिंत घालून वेगळा जनाना काढला होता आणि त्याच्यासमोर जाड काळा पडदा लावला होता. हॉलमधले दिवे मालवले की हा पडदा उघडायचा, म्हणजे बायकांना सिनेमा दिसायचा आणि बायका कुणाला दिसायच्या नाहीत. मध्यंतराचे दिवे लागायच्या आत पडदा पुन्हा बंद. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, टॉकीज चिकलठाण्याच्या नानासाहेबांनी विकत घेतलं. पडदा मात्र होता तसाच राहिला आणि त्याची दोरी भागूबाईच्या हातात आली.

भागूबाई मूळची गारखेड्याची. गारखेडा तेव्हा ज्वारीच्या रानातलं गाव होतं, शहर त्याच्यापासून चांगलं लांब होतं. तिचा नवरा फकिरा टांग्यात बसून, कर्णा तोंडाला लावून नव्या सिनेमाची दवंडी देत गावभर फिरायचा. त्याचा आवाज असा की गुलमंडीवर बोलला तर पैठण गेटला माणूस मान वळवायचा. एका पावसाळ्यात तापानं तो गेला आणि नानासाहेबांनी त्याच्या बायकोला दारावर बसवलं. तेव्हा ती पंचविशीची होती. ही गोष्ट घडली तेव्हा तिचे केस कानामागून पांढरे व्हायला लागले होते.

दोरी हातात आल्यापासून भागूबाईनं एक काम आपल्या अकलेनं सुरू केलं होतं. कुणी तिला सांगितलं नव्हतं. सिनेमात नायक नायिकेच्या फार जवळ जायला लागला की ती पडदा अर्धा ओढायची. कुणी सुरा काढला, कुणाच्या डोक्यातून रक्त आलं की पुरता ओढायची. तेवढं संपलं की उघडायची. सिनेमात काय चाललंय हे बघायची तिला गरजच नव्हती. ती सिनेमाकडं पाठ करून, बायकांकडं तोंड करून बसायची आणि बायकांच्या तोंडावरून तिला सगळं कळायचं.

अंधारात काळा पडदा सरकलेला कळायचा नाही, सिनेमाच तेवढा अंधारला असं बायकांना वाटायचं; भागूबाईच्या दारानं भलतंसलतं काही दिसत नाही, एवढं मात्र शहरभर माहीत होतं. गुलमंडीच्या भटाबामणांच्या घरातल्या सासवा सुनांना म्हणायच्या, "भागूबाईच्या दारानं जाताय ना, मग जा." किराडपुऱ्यातल्या बुरख्यातल्या बायकाही तिच्याच भरवशावर यायच्या. वीस वर्षांत तिच्या दरवाज्याबद्दल कुणी वावगा शब्द काढला नव्हता, आणि याचा तिला मनातून लई अभिमान होता.

त्या वर्षी माघ महिन्यात मुंबईहून यायची हिंदी सिनेमाची पेटी आली नाही. तिच्या जागी एक विलायती सिनेमा आला. टॉकीजचा मॅनेजर श्रीधर, बी.ए. झालेला. त्यानं भागूबाईला गोष्ट समजावून सांगितली, कारण इंग्रजी सिनेमा असला की जनान्यात अंधारात गोष्ट सांगायचं कामही तिच्याकडंच असायचं.

"एक सरदार आहे, मावशी. मेलेला. दिवसा पेटीत झोपतो आणि अंधार पडला की उठून बायकांच्या गळ्याचं रक्त पितो. एक म्हातारा विद्वान लाकडाची खुंटी आणि मोगरी घेऊन त्याच्या मागावर निघतो."

"म्हंजी देवऋषी."

"तसंच समजा."

"मंग लिंबू, नारळ?"

"त्यांच्यात लसूण असतो. लसणाला भूत भितं."

भागूबाईनं त्याच्याकडं बघितलं. "लसणाला भूत भेलं असतं तर आमच्या गारखेड्यात एक बी राह्यलं नसतं, भाऊ."

त्याच दिवशी नानासाहेब टॉकीजला आले. धोतर, कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. जनान्याच्या फळ्यांवर काठी वाजवत ते म्हणाले, "भागूबाई, बाया आता घरच्या माणसाबरोबर खाली बसतात. ही खोली अर्धी रिकामी असते. फळ्या काढून इथं सोफे टाकावे म्हणतो."

भागूबाईच्या हातातली दोरी तशीच राहिली. "आन् ज्यांच्या घरचं मानूस संगं येत नाय त्यांनी?"

नानासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी काठी फळ्यांवरून खाली घेतली. "बायांनाच विचारा. श्रीधर, तू वहीत लिही, सिनेमा कसा वाटला, पुन्हा येणार का. पुढच्या रविवारी मी वही बघतो. बाया येणार असतील तर फळ्या राहतील, नाहीतर सुतार बोलावतो."

शुक्रवारी आणि शनिवारी जनान्यात मोजक्याच बायका. रविवारी मात्र जाफर गेटचा बाजार असतो. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकून, टोपली उपडी करून, शेंद्र्याची सारजाबाई एसटीच्या वेळेपर्यंत तीनच्या खेळाला येऊन बसायची, आणि तिच्यासंगं दहा-बारा जणी. बांगड्यावाली हमीदाबी आली. गुलमंडीच्या यमुनाबाई सुनेला घेऊन आल्या. जनाना भरला.

भागूबाईनं गोष्ट सांगितली. सरदार पेटीतून उठला तेव्हा तिनं बायकांची तोंडं बघितली आणि पडदा ओढला. त्यानं पहिल्या पोरीच्या गळ्याला तोंड लावलं, तेव्हा ओढला. शेवटी म्हातारा मोगरी घेऊन पेटीजवळ गेला, तशी यमुनाबाईंच्या सुनेनं पदर तोंडात धरला. सून पोटुशी होती. भागूबाईनं पडदा ओढला, ओढूनच ठेवला आणि गोष्ट सांगायचीही तिथंच थांबवली. पलीकडून ठोकल्याचे आवाज आले, एक भयंकर ओरडणं आलं, बाप्यांनी शिट्ट्या मारल्या. पडदा उघडला तेव्हा म्हातारा घोडागाडीत बसून चालला होता.

खेळ सुटल्यावर श्रीधर बोळात वही घेऊन उभा राहिला. परक्या पुरुषाशी बायका बोलणार नाहीत, म्हणून विचारायचं भागूबाईनं आणि लिहायचं त्यानं, भिंतीकडं तोंड करून.

"काय वं सारजे, कसा वाटला सिनेमा?"

सारजाबाई टोपली डोक्यावर ठेवत म्हणाली, "त्यो देवऋषी काय कामाचा नाय. एवढी खुंटी, मोगरी घेऊन गेला आन् हात हालवत परत आला. भूत तसंच सुटलं."

"हौ," हमीदाबी म्हणाली. "मेरेकू बी वोइच लगा आपा. वो चिल्लाया कौन? बुड्ढाच चिल्लाया होंगा, डर के भागा गाडी में."

यमुनाबाई सुनेचा हात धरून हळूच म्हणाल्या, "गोष्ट अर्धवट आहे. शेवट केलाच नाही. अशानं मनाला घोर लागतो."

"आन् पुन्हा येनार का?" भागूबाईनं विचारलं.

"आधी त्याचं काय झालं ते कळू दे," सारजाबाई म्हणाली. "एसटीतून उतरले की उसाच्या फडातून घर गाठते मी. आता कशी जाऊ सांग."

श्रीधर लिहिता लिहिता थांबला. बायका गेल्यावर त्यानं वही मिटली. "मावशी, बाप्यांना मी बाहेर विचारलं. सगळे म्हणतात, शेवट लई जोरात आहे. खुंटी छातीत ठोकतो, पिशाच्चाची राख होते. मग जनान्यात वेगळा सिनेमा चालू होता का?"

भागूबाईनं आपला हात उघडला. दोरीला धरून धरून तिच्या तळव्याला घट्टा पडला होता, त्याच्यावर ती अंगठा फिरवत राहिली.

"मी ओढला पडदा," ती म्हणाली. "पोर पोटुशी होती."

"रोजच ओढता?"

"वीस वर्सं."

श्रीधरला हसू आलं होतं, पण तिचं तोंड बघून त्यानं ते गिळलं. "हे मी वहीत लिहीत नाही," तो म्हणाला. "पण नानासाहेबांना वही दाखवायची आहे पुढच्या रविवारी. तोवर तुमचं तुम्ही ठरवा."

त्या आठवड्यात जनाना ओस पडला. बायका एकमेकींना सांगत सुटल्या होत्या की चंद्रविलासमध्ये एक भूत आहे आणि ते शेवटपर्यंत मरत नाही. मंगळवारी चार बायका आल्या. बुधवारी एकही नाही. भागूबाई तिवईवर बसून बोळाच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला पहिल्यांदाच एक गोष्ट डोक्यात येत होती आणि ती काही केल्या जात नव्हती. ज्याला भेऊन तिनं पडदा ओढला, ते भेव तिनं झाकलं नव्हतं. त्याचं मरण तेवढं झाकलं होतं. आणि बायका ते भेव घेऊन शेंद्र्यापर्यंत, किराडपुऱ्यापर्यंत गेल्या होत्या.

पण पडदा उघडा ठेवला तर? सासवा काय म्हणतील? भागूबाईच्या भरवशावर सून पाठवली आणि तिथं रक्त दाखवलं. मग पुन्हा कोण पाठवील? दोन्हीकडून तिचा दरवाजाच जात होता.

गुरुवारी सकाळी ती गुलमंडीला गेली, यमुनाबाईंच्या ओसरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, त्यो मरतो. मीच झाकलं."

यमुनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. त्यांना राग आला होता, आणि त्या राग आल्यावर आवाज आणखी खाली आणायच्या. "भागूबाई, मी सत्तरीची आहे. मी माणसं जाताना बघितली आहेत, माझ्या मांडीवर बघितली आहेत. मला काय झाकता तुम्ही?"

"तुमच्या सुनंसाठी झाकलं."

"सुनेला मी दोन मिनिटं जिन्यावर बसवीन. मला मात्र त्याचं मरण बघू द्या. चार दिवस झोप नाही."

तिथून भागूबाई हमीदाबीच्या दुकानी गेली. शेंद्र्याच्या एसटीत ओळखीच्या बाईजवळ सारजाबाईला निरोप दिला. सगळीकडं एकच सांगणं, त्यो मरतो, रविवारी बघायला या.

रविवारी जनाना असा भरला की दोघी-दोघी एका खुर्चीवर बसल्या. दिवे मालवायच्या आधी भागूबाई पुढं उभी राहिली. बोलायची तिला सवय नव्हती.

"बायांनो, मागच्या खेपेला पडदा मी ओढला व्हता. आज ओढनार नाय. ज्यांना बघवनार नाय त्यांनी आपले डोळे आपन झाका."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग मागून सारजाबाईचा आवाज आला. "भागू, आनखी काय काय झाकलं वं तू आमच्यापून इतके दिवस?"

बायका हसल्या, पण सारजाबाई हसत नव्हती. भागूबाईला ते बाणासारखं लागलं. तिनं दोरी खिळ्याला गुंडाळली, गाठ मारली आणि हात पदराखाली घेऊन खाली बसली.

सिनेमा सुरू झाला. तिनं नेहमीसारखी गोष्ट सांगितली, पण तिचे हात पदराखाली सारखे दोरीकडं जायला बघत होते. म्हातारा मोगरी घेऊन पेटीपाशी आला. यमुनाबाईंची सून आपणहून उठून जिन्यावर गेली. ठोकल्याचा पहिला आवाज आला आणि सगळ्या जनान्यानं एकदम श्वास आत घेतला. हमीदाबीनं बोटांच्या फटीतून बघितलं. सारजाबाईनं पापणी लववली नाही. मग ओरडणं आलं, लांबलं आणि विझलं. यमुनाबाईंचे जोडलेले हात हळूच मांडीवर आले.

खेळ सुटल्यावर बोळात श्रीधर भिंतीकडं तोंड करून उभा होता आणि त्याच्याजवळ नानासाहेबही होते, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"सुटला बिचारा," यमुनाबाई म्हणाल्या. "शेवटी तोंड किती निवळलं होतं त्याचं. त्याचं कुणी काही केलं नसेल मेल्यावर, म्हणून असा फिरत होता."

"मला त्या म्हाताऱ्याची कीव आली," सारजाबाई म्हणाली. "एवढं मोठं काम केलं, कपाळाला घाम, आन् एकानं त्याला पानी इचारलं नाय. विलायतेत रीतच नसंल."

"मैं बोलूं?" हमीदाबी म्हणाली. "बुड्ढा अच्छा है, लेकिन सुस्त है. पहलेच दिन मारता तो तीन छोकऱ्यां बच जाते."

"लिही," नानासाहेब श्रीधरला म्हणाले. "हे सगळं लिही." मग ते भागूबाईकडं वळले. "आणि तुमचं मत?"

"मी कुठं पाह्यला मालक? माझी पाठ असती तिकडं."

"मग बायांच्या तोंडावर काय दिसलं ते सांगा."

भागूबाईनं जरा विचार केला. "बाळंतीण सुटली की घरातल्या बायांची तोंडं कशी व्हत्यात? आधी भेलेली, मंग एकदम निवांत. तशी झाली."

नानासाहेबांनी वही मागितली, दोन पानं वाचली आणि श्रीधरला परत दिली. "सुतार नको," ते म्हणाले. "फळ्या राहू द्या. हा सिनेमा आणखी एक आठवडा चालवा." बोळातून निघताना ते थांबले. "पडद्याचं तुमचं तुम्ही बघा, भागूबाई."

सारजाबाई एसटीसाठी निघाली. दर रविवारी आणायची तशी भागूबाईच्या हातात मेथीची जुडी ठेवायला ती विसरली, का तिनं ठेवली नाही, हे भागूबाईला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. "पुढच्या रविवारी?" एवढंच म्हणाली.

"येते की," सारजाबाई म्हणाली. "पर आता सगळं दाव मला."

तो वाढीव आठवडा सरल्यावर शुक्रवारी हिंदी सिनेमा लागला, गाण्यांचा, प्रेमाचा. नागेश्वरवाडीतली एक सासू नव्या सुनेला घेऊन जिन्याशी आली आणि हळूच म्हणाली, "भागूबाई, तसलं काही आलं तर पडदा ओढाल ना?"

"दिवे लागायच्या आधी ओढते," भागूबाई म्हणाली. "बाकी येळंला नाय. सून बघू दे, नायतर घरी ठेवा. तुमची मर्जी."

सासू जिन्याच्या पहिल्या पायरीवर बराच वेळ उभी राहिली. सून खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. मग सासूनं निऱ्या सावरल्या आणि सुनेच्या आधी ती स्वतः जिना चढायला लागली.