जस्तावरची साय

आमच्या सांगलीकडची पुष्कळ पोरं शाळा सोडली की गलाईला जातात, म्हणजे परमुलखात सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामाला. मी आठवीतून सुटलो आणि रायपूरला आलो. सोन्यातला मळ काढणं हेच माझं काम, आणि आमच्या धंद्यात जस्त म्हणजेच मळ. सोन्यात ते असलं की भट्टीवर पांढरा धूर निघतो. तो जाऊ द्यायचा, सोनं ठेवायचं. जस्त जपून त्यातला मळ काढ, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

ते करावं लागलं काकूंच्या शिलाई मशीनसाठी. पुरानी बस्तीत ज्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहतो त्या काकू. मी नवा असताना तापानं पडलो, तेव्हा त्यांनी मला खाली आणून स्वयंपाकघराशेजारी झोपवलं आणि उठून बसेपर्यंत खिचडी भरवली. तेव्हापासून त्यांचं काही अडलं की मलाच धास्ती वाटते.

शाळा उघडायला आठवडाही राहिला नव्हता. गल्लीतल्या पोरांचे गणवेश काकूंकडे कापून पडले होते, आणि नेमका हातमशीनचा दांडा तुटला, मूठ धरून चाक फिरवतात तो. नवा दांडा त्या जुन्या मशीनला बसेना. दुकानदार म्हणाला, मोटर लावा.

"मोटर पळते जोरात, माया डोळ्याले झेपत नाही," काकू म्हणाल्या. कपडे वेळेवर गेले नाहीत तर पुढच्या वर्षी कुणी त्यांच्याकडे कापड टाकणार नव्हतं. त्या तुटके तुकडे जोडून बघत बसल्या.

"काकू, मी ओतून देतो," मी म्हणालो. बोलून गेलो, आणि मग आठवलं की जस्त मी आजवर नुसतं जाळलं होतं, ओतलं कधीच नव्हतं.

लोखंड माझ्याच्यानं वितळणार नव्हतं, जस्त साध्या शेगडीवरही वितळतं. पण मी ज्यांच्याकडे कामाला आहे त्या शेठच्या भट्टीजवळ जस्त नेण्याची सोय नव्हती, सोनं नासतं. म्हणून अंगणात कोळशाची शेगडी पेटवली. घरी एक जुनी मूस होती, धातू वितळवायचं मातीचं भांडं. भंगारवाल्याकडे जस्ताच्या जेवढ्या दारमुठी होत्या तेवढ्या उचलून आणल्या. तुटका दांडा चिकटवून वाळूत ठसा उठवला आणि वाळू उन्हात खडखडीत वाळवली, तरी दहादा हात लावून पाहिली. ओल राहिली तर धातू उसळून अंगावर येतो.

जस्त वितळलं, वर राखाडी कातडी धरली. ती पळीनं काढली. खालचं जस्त आरशासारखं चमकलं आणि बघता बघता पुन्हा राखाडी झालं. सोन्याचं तोंड स्वच्छ होईपर्यंत मळ काढायचा, ही माझी सवय. मळ ओढून घेणारा सुहागा, म्हणजे टाकणखार टाकला, आच वाढवली, काढत राहिलो. पांढरा धूर निघाला तसा मागे सरलो, पण हात थांबेना.

काका ओट्यावर बसून बघत होते. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, त्यांना करमणूकच झाली. "सोनं लागलं का रे खाली?"

काकू बाहेर आल्या. "काहून एवढं काढून राहिला?"

"मळ आहे, काकू."

"मळ कायचा? दूध तापत ठेवलं का साय येतेच. तू काढशीन, ते पुन्हा येईन. आच कमी कर ना."

"ही साय नाही हो."

"हव, नाही. पण उरलं किती ते पाय."

पाहिलं. अर्ध्या दांड्यालाही पुरलं नसतं. भंगारवाल्याकडच्या मुठी तर संपलेल्या. काकूंकडे मान वर करून बघायची हिंमत होईना.

गलाईवाला मात्र काही फेकत नाही. भट्टीपुढची झाडलेली धूळसुद्धा आम्ही साठवतो, तिच्यात सोन्याचे कण असतात. त्याच सवयीनं काढलेली सगळी कातडी मी डब्यात टाकली होती. डबा चिमट्यानं उचलला तर चांगलाच जड. जस्त त्यात अडकून होतं.

"कल्हईवाला नौसादर टाकते ना," काका म्हणाले, "भांड्याचा मळ सोडवाले."

वाण्याकडून नौसादर आणलं. आच उतरवली, डबा मुशीत रिता केला, वाऱ्याकडे पाठ करून चिमूट टाकली आणि पळीनं दाबत घोळत राहिलो. हळूहळू कातडीची कोरडी भुकटी झाली आणि जस्त तिच्यातून सुटून खाली उतरलं. भुकटी एकदाच काढली. नवी साय यायला लागली, तिला काढलं नाही, पळीनं मागं अडवून धरलं आणि ओतलं. तळाशी थोडं मुद्दाम ठेवलं, शिशासारखा जड मळ तिथं बसतो. ठसा काठोकाठ भरला.

गार झाल्यावर काकांनी भोकं पाडली, मी कानशीनं घासलं.

"हे तर मुसळ झालं बाप्पा," काकू म्हणाल्या. पण बसवलं आणि फिरवलं, तर चाक फिरलं, सुई खाली आली, टाका पडला. आता मोडेल, मग मोडेल, म्हणून मी दारातच उभा.

"आता काहून उभा? जेवून घे. तुयाकडं पाहून माया टाका चुकते."

शाळा उघडली त्या सकाळी नवे गणवेश घातलेली पोरं गल्लीतून निघाली. काकू दारात उभ्या राहून प्रत्येकाची शिवण नजरेनं तपासत होत्या. "खिसा वाकडा झाला रे तुया, संध्याकाळी आणून दे," असं एकाला म्हणाल्याही. मला कामाला उशीर होत होता, तरी शेवटचा पोरगा कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी तिथून हललो नाही.